खोबरेल, एरंडेल, रॉकेल

आमच्या घरात एकाच तेलाला दोन नावं होती. आजी कोकणातली, ती घासलेट म्हणायची. आई कराडकडची, ती रॉकेल म्हणायची. सरकारी कागदावर छापलेलं तिसरं नाव होतं केरोसीन, ते मात्र घरात कुणाच्या तोंडी कधी बसलं नाही. "केरोसीन संपलंय, कॅन घेऊन पळ" असं लालबाग-परळच्या चाळीतल्या कुठल्याही आईनं लेकराला सांगितलं नसेल. साठ-सत्तरच्या दशकांत जी मुलं दोन खोल्यांच्या घरांत वाढली, त्या आम्हा सगळ्यांच्या जिभेवर हे दोन शब्द आहेत आणि नाकात तो एकच वास. आमच्या मागून आलेल्यांना शब्द ठाऊक आहेत, वास ठाऊक नाही. त्यांच्या मुलांना दोन्ही नाहीत. म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटतं.

तिन्ही शब्द इंग्रजीतूनच आले. केरोसीन हे नाव अब्राहम गेस्नर या कॅनडातल्या डॉक्टरानं ठेवलं. पेशानं डॉक्टर, पण जीव सगळा भूगर्भशास्त्रात. १८४६ मध्ये त्यानं खनिज कोळशापासून दिव्याचं तेल काढून लोकांसमोर पेटवून दाखवलं, १८५४ मध्ये अमेरिकेत पेटंटं घेतली, आणि मेणासाठीचा ग्रीक शब्द 'केरोस' घेऊन त्यावरून तेलाचं बारसं केलं. खुद्द इंग्लंडात हे नाव रुजलं नाही, तिथं याच तेलाला पॅराफिन म्हणतात. राज्य इंग्रजांचं असूनही आपण त्यांचा शब्द तेलाला लावला नाही, आणि अटलांटिकपलीकडच्या केरोसीनला कागदापुरतंच ठेवलं.

रॉकेलची गोष्ट मला जास्त आवडते. खडकांतून पाझरणारं म्हणून इंग्रजीत त्याला 'रॉक ऑइल' म्हणत. पेट्रोलियमचा अर्थही तोच, लॅटिनमध्ये 'पेत्रा' म्हणजे खडक आणि 'ओलेउम' म्हणजे तेल. पेनसिल्व्हेनियातल्या या तेलाची परीक्षा करून बेंजामिन सिलिमन या रसायनशास्त्रज्ञानं १८५५ मध्ये अहवाल लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'रॉक ऑइल' आहे. पुढं १८५९ मध्ये एडविन ड्रेकनं टायटसव्हिल गावी जमिनीत भोक पाडून तेल वर आणलं आणि बघता बघता ते जगभरच्या दिव्यांत जाऊन पोचलं. हिंदीनं त्याला 'मिट्टी का तेल' म्हटलं, तमिळनंही मातीचंच नाव दिलं, कन्नडनं परदेशातलं तेल म्हणून 'सीमे एण्णे' केलं. मराठीनं इंग्रजी शब्दच उचलला, पण किती सफाईनं! आपल्याकडं खोबरेल होतं, एरंडेल होतं, करंजेल होतं. 'रॉक ऑइल' आलं आणि त्यांच्याच रांगेत 'रॉकेल' होऊन बसलं. पंडितांची सभा भरवून असा शब्द होत नाही. तो दुकानात माप घेताना आणि घरात दिवे भरताना झाला. आई आमच्या केसांना खोबरेल लावायची, पोट बिघडलं की एरंडेल पाजायची आणि दिवेलागणीला रॉकेल भरायची. त्या तिसऱ्या नावात परकं काही आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

आजीचं घासलेट म्हणजे 'गॅसलाइट', असं मानतात. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. तो गॅस कोळशापासून काढत. आमच्या लालबागेत गॅस कंपनीची गल्लीच आहे. पणतीच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना तो दिवा केवढा लख्ख वाटला असेल! तसाच लख्ख उजेड देणारं तेल बाटलीतून घरात आलं, तेव्हा त्या दिव्याचं नाव तेलाला चिकटलं असावं. गॅसबत्तीचंही तसंच. वरातीत बायका डोक्यावर घेऊन चालायच्या त्या बत्तीत गॅसची टाकी नसे, घासलेटच असे, पंप मारून पेटवलेलं. तिच्यातली ती पांढरी जाळी, मेंटल, एकदा जळली की नुसती राखेची उरायची आणि त्या राखेतूनच उजेड पडायचा. बोट लागलं की संपलं. आम्हा मुलांना तिच्यापासून चार हात लांब उभं करत.

आईच्या माहेरी मात्र कंदील. ओगलेवाडीचा कारखाना कराडच्या शेजारीच, त्यामुळं 'प्रभाकर' कंदिलाचा तिकडं भारी अभिमान. मामी रोज दुपारी काचा पुसायची. आत हात घालून राखेनं घासायची, मग जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरड्या करायची. पातळ मनगटाची म्हणून ते काम पुढं माझ्याकडं आलं.

पण आमच्या पिढीचं खरं रॉकेल दिव्यात नाही, स्टोव्हमध्ये आहे. लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रायमस आणला आणि आमच्या आयांच्या आयुष्याची पहाट त्याच्या फरफर आवाजानं व्हायला लागली. आई पितळेची टाकी चिंचेनं घासून ठेवायची. सकाळी आधी चावी सैल, मग बर्नरखालच्या वाटीत स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा. तो निळा जळत असताना तिला कुणी हाक मारायची नाही. बर्नर पुरता तापला की चावी घट्ट करायची आणि पंप मारायचा. हवेच्या दाबानं रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. म्हणजे जळायचा तो एका अर्थी गॅसच, आजीचं नाव अगदीच काही चुकीचं नव्हतं. घाई करून गार बर्नरला पंप मारला तर पिवळा भडका थेट छताकडं. ज्योत एका बाजूनं खुरडायला लागली की पिन. पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती केसाएवढी तार नेमक्या भोकात घालून, एकदा वर-खाली करून, ज्योत विझायच्या आत काढून घ्यायची. आईचा हात त्यात इतका बसला होता की बोलणं न थांबवता ती पिन करायची. वायसर वाळला की त्याला गोडं तेल लावायचं आणि पंप पुन्हा दम धरायचा. रात्री चावी सोडली की सुस्कारा टाकून स्टोव्ह विझायचा आणि दिवसभरात नसेल इतका वास खोलीभर पसरायचा. त्या वासात आम्ही झोपलो.

मग रेशनची रांग. रॉकेल येणार अशी नुसती कुणकुण लागली की चाळीतले कॅन पहाटेच रांगेत जाऊन बसत. माणूस नसला तरी कॅनचा नंबर धरला जाई, हा सगळ्यांनी पाळलेला कायदा. दुकानदार माप पिंपात बुडवून झटक्यात नरसाळ्यात ओतायचा आणि वरचा फेसही मापात धरायचा. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून "फेस बसू दे, मग दुसरं ओत" म्हणायच्या, तेव्हा त्याचा हात थांबायचा. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागं महागाईविरुद्ध हातात लाटणी घेऊन निघालेल्या बायका अशाच रांगांत घडल्या होत्या. पुढं काळा बाजार रोखायला रेशनच्या रॉकेलात निळा रंग घालू लागले. आमच्या शाळेच्या दप्तराला कधीतरी रॉकेलचा डाग पडायचाच.

रिकामा डबासुद्धा टाकायचा नाही. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा तो चौकोनी पत्र्याचा डबा. वर लाकडी दांडा ठोकला की पाण्याचा, झाकण बसवलं की तांदळाचा, उघडून सपाट केला की पावसाळी गळतीवर. रॉकेलचा बोळा पलंगाच्या खाचांत फिरवला की ढेकूण बाहेर, आणि उरलेल्यानं दादा सायकलची साखळी धुवायचा.

एक गोष्ट टाळून पुढं जाता येणार नाही. वर्तमानपत्रात तेव्हा "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" अशी चार ओळींची बातमी वारंवार यायची. वाचून आई पेपर घडी करून ठेवायची आणि म्हणायची, "भडका सुनांनाच बरा ओळखतो." काही स्टोव्ह खरंच भडकले, पण सगळे नाही, हे चाळीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं त्यामागं बायकांच्या संघटनांचा लढा होता, आणि या चार ओळींच्या बातम्यांतली आयुष्यंही होती. ज्या हातांनी आम्हाला जेवू घातलं ते या तेलाच्या इतके जवळ होते. आठवणींना गोडवा लावताना हे विसरलं तर त्या बायकांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

आमच्याकडं गॅस आला तो आम्ही कॉलेजात असताना. आईनं पहिले काही महिने स्टोव्ह हाताशी ठेवला, सिलिंडर संपला तर म्हणून. मग तो माळ्यावर गेला आणि एका दिवाळीत मोडीत. आता रेशनवर रॉकेल मागायला जाणारं आमच्या ओळखीत कुणी उरलेलं नाही.

पण तेल संपलेलं नाही, त्यानं जागा बदलली आहे. विमानाच्या इंजिनात जे इंधन जळतं ते बारकाईनं शुद्ध केलेलं केरोसीनच. मागं भाचीला आणायला आम्ही बहिणी मुंबईच्या विमानतळावर गेलो होतो. बाहेर उकडत होतं, वारा धावपट्टीकडून येत होता. धाकटीनं मान वर केली, खोल श्वास घेतला आणि माझा दंड धरून म्हणाली, "ताई, स्टोव्ह कुणी विझवला गं?"