कणा

१९५२ साल. मद्रासमध्ये एका तेवीस वर्षांच्या नर्तकीचे अरंगेत्रम चालले आहे. कार्यक्रमाचे उत्पन्न रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या निधीला जायचे आहे. गुरू एल्लप्पा पिळ्ळै 'मथुरा नगरीलो' हे पद गात आहेत आणि नर्तकीच्या हातांतून यमुना वाहते आहे. सख्यांची जलक्रीडा, ओंजळीतून उधळलेले पाणी, ओल्या वस्त्रांचा संकोच, भरून वाहणाऱ्या नदीचा उन्माद, सारे काही त्या बोटांवर आणि नेत्रांत आहे. आणि नेमक्या त्या क्षणी तिला वर्तमानपत्रांत पाहिलेली छायाचित्रे आठवतात: भेगाळलेली जमीन आणि हातात छोटे डबे घेऊन पाण्यासाठी रांगेत उभी राहिलेली माणसे. ज्यांच्यासाठी हा नाच आहे त्यांच्या घशाला कोरड आहे, आणि नाचात मात्र पाण्याला तोटा नाही. क्षणभर ती थिजून जाते. नृत्य पुढे पार पडते. पण आत काहीतरी कायमचे दुभंगलेले असते.

ही नर्तकी म्हणजे चंद्रलेखा. हा प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. त्यांच्या आयुष्याची दिशा त्या एका क्षणाने ठरवली असे म्हणणे सोपे आहे; वस्तुस्थिती इतकी नाट्यमय नव्हती. त्यानंतरही काही वर्षे त्या नाचत राहिल्या, नावारूपाला आल्या. पण एखादा काटा मांसात रुतून राहावा आणि चालताना अधूनमधून त्याने आपले अस्तित्व जाणवून द्यावे, तसा तो क्षण त्यांच्या नृत्यात रुतून राहिला. शरीर एक सांगते आणि जगणे दुसरेच काही सांगते, या विसंगतीचे काय करायचे, हा प्रश्न त्यांना सुटेना.

चंद्रलेखांचा जन्म ६ डिसेंबर १९२८ रोजी महाराष्ट्रातील वाडा येथे झाला. वडील डॉक्टर होते आणि ईश्वराविषयी साशंक, आई श्रद्धाळू. बालपण गुजरातेत गेले. कायद्याचा अभ्यास अर्ध्यावर सोडून त्या नृत्य शिकण्यासाठी मद्रासला गेल्या आणि तेथल्याच झाल्या. कवी हरीन्द्रनाथ चट्टोपाध्याय यांचा सहवास त्यांना लाभला. बालसरस्वती आणि रुक्मिणीदेवी या दोन परस्परभिन्न प्रकृतींच्या नर्तकींचा प्रभाव त्यांच्यावर पडला. एका मान्यवर नर्तकीच्या चरित्राला लागणारी सामग्री येथे पूर्ण होती. पुढे फक्त कीर्ती आणि सन्मान यांची यादी यायची, आणि वयाने पाय थकवले की एखादी नृत्यशाळा.

तसे झाले नाही. हळूहळू त्या रंगमंचापासून दूर गेल्या. १९७२ साली कामदेव यांच्यासह त्यांनी 'नवग्रह' ही रचना केली आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षे नर्तकी म्हणून त्या जवळजवळ अदृश्य होत्या. या काळात त्यांनी कविता लिहिल्या, भित्तिपत्रके केली, स्त्रियांच्या चळवळींशी नाते जोडले. आरेखनकार दशरथ पटेल आणि लेखक-छायाचित्रकार सदानंद मेनन यांच्या सोबतीने मद्रासच्या समुद्रकाठी त्यांनी एक कार्यघर उभे केले. १९८२ साली त्यांच्यावर आणि मेनन यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. पुढे तो मागे घेतला गेला. नृत्यकलेच्या इतिहासात अशी नोंद विरळाच. घुंगरू उतरवून ठेवलेल्या बाईच्या हातून राज्याला धोका वाटावा, याचा अर्थ त्या बाईचे शरीर स्वस्थ बसले नव्हते, एवढा तरी खासच घ्यावा लागेल.

मराठीत ज्याला स्वाभिमान आहे त्याला आपण ताठ कण्याचा म्हणतो. जो सत्तेपुढे वाकतो त्याला कणा नाही असे म्हणतो. संकटाने घराचा कणा मोडतो आणि कर्त्या माणसाला आपण कुटुंबाचा कणा मानतो. भाषेने फार पूर्वीच ओळखले होते की पाठीतील ही मणक्यांची माळ केवळ शरीराचा आधार नाही. चंद्रलेखांच्या चिंतनाचा मध्यबिंदू हाच कणा होता. आधुनिक माणसाचे शरीर कण्याला विसरले आहे. खुर्ची, गाडी, कचेरी आणि भय यांनी ते वाकवले आहे, आणि नृत्यालाही त्याचे सोयरसुतक उरलेले नाही, असे त्यांना दिसत होते. नर्तकीचा चेहरा हसत असतो, डोळे फिरत असतात, दागिने चमकत असतात. पण या सगळ्याला धरून ठेवणारा कणा कोठे आहे? या शोधातून त्या योगाकडे आल्या.

योगाकडे येण्याचे मार्ग अनेक असतात. कोणी व्याधी घेऊन येतो, कोणी वैराग्य घेऊन. चंद्रलेखा भरतनाट्यमच्या मूलभूत स्थितीतून आल्या. गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून अर्धे बसलेले शरीर, म्हणजे अरमंडी, ही त्या नृत्याची पहिली मुद्रा. तिच्यात मांड्यांचा, हातांचा, धडाचा त्रिकोण आहे आणि या त्रिकोणांना तोलून धरणारी उभी रेषा म्हणजे कणा. ही भूमिती त्यांना योगासनांत दिसली आणि केरळच्या कळरीपयट्टू या युद्धविद्येतही. सिंह, हत्ती, मोर यांच्या पवित्र्यांनी जमिनीला बिलगून झेपावणारा कळरीतील योद्धा, आसनात स्थिरावलेला योगी आणि अरमंडीत बसलेली नर्तकी ही एकाच घरातली तीन माणसे आहेत, अशी त्यांची धारणा झाली. पतंजलीने आसनाच्या व्याख्येत स्थैर्य आणि सुख यांची सांगड घातली. तीच सांगड चंद्रलेखांना नर्तकीच्या देहात पुन्हा घालायची होती.

कळरीच्या परंपरेत आणखी एक गोष्ट आहे. तेथला गुरू युद्ध शिकवतो आणि उपचारही करतो. शरीरातील मर्मे कोठे आहेत हे त्याला ठाऊक असते. त्यांच्यावर आघात कसा करावा हे ज्ञान आणि दुखावलेल्या मर्माला तेल-मर्दनाने कसे बरे करावे हे ज्ञान, ही एकाच विद्येची दोन अंगे. घाव आणि औषध एकाच हाती असणे ही कल्पना चंद्रलेखांच्या कलेला विलक्षण लागू पडते. त्यांनी रुग्णालय काढले नाही, कोणाला आरोग्याचे आश्वासन दिले नाही. शरीर दुखावले आहे ते कोठे, हे आधी दाखवावे आणि मग ते सांधण्याची वाट शरीरातूनच शोधावी, एवढेच त्यांनी केले.

१९८४ साली मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये 'ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर' भरले आणि चंद्रलेखा एकांतातून बाहेर आल्या. पुढच्याच वर्षी 'अंगिका' रंगमंचावर आली. तिच्यात कळरी होती, योगासने होती, भरतनाट्यम होते. देवतास्तुती नव्हती, नायिकेचा विरह नव्हता, ओठांवरचे ठरीव हास्य नव्हते. साध्या साड्या, मोजके अलंकार आणि कण्यापासून उमलणारी हालचाल. परंपरेच्या रक्षकांना हा अपराध वाटला, तर काहींना मोकळा श्वास घेतल्यासारखे झाले. त्यापाठोपाठ भास्कराचार्यांच्या गणितावरील 'लीलावती' (१९८९) आणि श्वास, योगासने व नवग्रह यांचे नाते उलगडणारी 'प्राण' (१९९०) या रचना आल्या.

या साऱ्या प्रवासाचे मर्म 'श्री' (१९९१) या रचनेत सापडते. तेथे स्त्रिया कण्यात वाकून, जमिनीकडे तोंड करून, संथ गतीने सरकतात. एकही शब्द उच्चारला जात नाही. पण शतकानुशतके ओझी वाहून, हुकूम झेलून, लाज सांभाळून वाकलेली बाई समोर उभी राहते. 'उभी राहते' हे क्रियापदच येथे खोटे ठरते, कारण तिला उभे राहता येत नाही. पाहणाऱ्याच्या स्वतःच्या पाठीत कळ उमटावी इतका वेळ हे चालते. आणि शेवटी हीच शरीरे एकवटून अनेक भुजांची एक आकृती होते. देवळातील दशभुजा येथे भक्तीच्या वाटेने आलेली नाही. वाकलेल्या पाठी सरळ झाल्या की त्यांतून जी शक्ती मोकळी होते तिचे ते रूप आहे. बरे होणे या शब्दाचा इतका दृश्य अर्थ भारतीय रंगमंचाने क्वचितच पाहिला असेल. १९५२ साली जी कला आणि जे जगणे परस्परांना पाठ करून उभे होते, ते येथे प्रथमच समोरासमोर आले.

पिकलेले मोकळे केस, काजळ रेखलेले डोळे, कपाळावर ठसठशीत मोठे कुंकू, ही चंद्रलेखांची मूर्ती उत्तरायुष्यात सर्वपरिचित झाली. सन्मानही आले, पण त्यांची हालचाल दिवसेंदिवस संथ होत गेली. तरुणपणी नर्तक वेगाने जिंकतो. चंद्रलेखांना वयाने शिकवले की वेगामागे पुष्कळ काही लपवता येते, संथपणामागे काहीच लपत नाही. २००१ सालच्या 'शरीर' या रचनेत फक्त दोन देह आहेत, एक स्त्रीचा आणि एक पुरुषाचा, आणि गुंदेचा बंधूंचे धृपद. त्यातील स्त्री म्हणजे तिशानी दोशी ही कवयित्री. नर्तकी म्हणून तिची घडण झालेली नव्हती. पुरुष, शाजी जॉन, कळरीचा साधक. पाय जमिनीवरून उचलला जातो तोही श्वासाच्या लयीत. कणा सापासारखा उलगडतो. आलापातील स्वर जसा घाई न करता आपली जागा घेतो तसे एकेक आसन आपली जागा घेते. प्रेक्षकाला आरंभी अस्वस्थ वाटते. मग त्याचा श्वासही नकळत संथ होतो.

येथे एका प्रश्नाला सामोरे जायला हवे. ज्या बाईने आयुष्यभर शरीराच्या पूर्णत्वाचा ध्यास घेतला, तिच्या शरीराने अखेरीस काय केले? त्याने इतर शरीरांसारखेच केले. कर्करोगाने त्यांना गाठले आणि ३० डिसेंबर २००६ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. ज्यांना योग हा मृत्यूवरचा तोडगा वाटतो, त्यांना यात पराभव दिसेल. चंद्रलेखांच्या कामाशी परिचय असलेल्यास तसे वाटणार नाही. शरीर मरणार नाही असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते. जिवंत असेपर्यंत ते दुसऱ्याच्या सोयीने वाकवले जाऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. व्याधीतून सुटणे आणि दुभंगातून सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वैद्याच्या हाती असते, कधी तिच्याही नशिबी अपयश येते. दुसरी ज्याची त्याने साधायची असते आणि तिला एक आयुष्य पुरते की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

त्यांच्या पश्चातही 'शरीर'चे प्रयोग होत राहिले. दिवे मंदावत, धृपदाचा पहिला खर्ज लागे आणि अंधारात एक पाठ दिसू लागे. दागिना नाही, रंग नाही, चेहरासुद्धा अजून प्रेक्षकांकडे वळलेला नाही. फक्त एक कणा, मणक्यामागून मणका, सावकाश वर येत असलेला.