अर्धी गोळी

चिठ्ठीवर एसिटालोप्रॅम, नैराश्यावरची गोळी. आठवडाभर पाच मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी, मग पूर्ण. नाश्त्यानंतर. केमिस्टने स्ट्रिप कात्रीने कापून खाकी पाकिटात घातली. नाव आणि मुदत छापलेला तुकडा नेमका त्याच्याकडे राहिला. परत जाऊन अख्खी स्ट्रिप आणली.

*

बीपीची गोळी जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. थायरॉईडची उशाशी. हिला मात्र कपाटात, साड्यांमागे जागा. ठाण्यात राहून मानसोपचाराचं नाव काढलं की इथल्या मनोरुग्णालयावरचे विनोद ठरलेले. पण लपवलेली गोळी घ्यायची विसरते. टेबलावर आणावी लागणार.

*

सासूबाई: "या गोळ्या गरम पडतात गं." भाऊ: "रोज सकाळी तलावपाळीला फेरी मार, बघ." मैत्रीण: "एकदा सुरू केलीस की सुटत नाही."

भावाचं अगदीच चूक नाही, सौम्य नैराश्यात चालण्याने खरंच फरक पडतो. पण जिला दात घासायलाही उठवत नाही, तिला तलावपाळी म्हणजे पंढरपूर.

*

मैत्रिणीच्या वाक्याशी जास्त वेळ अडले. तिच्या वडिलांची "डोक्याची गोळी" सुटता सुटली नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ती क्लोनाझेपाम. झोप लागावी, धडधड थांबावी म्हणून आपल्याकडे सुरुवातीला ती बऱ्याचदा एसिटालोप्रॅमसारख्या गोळीच्या जोडीला देतात. दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेले ब्रँडही सर्रास मिळतात. सवय लागते ती क्लोनाझेपामची. काही आठवडे रोज घेतली की शरीर मागू लागतं. एसिटालोप्रॅमची तशी तलफ येत नाही. दोघी एकाच पाकिटातून घरी येतात, नाव दोघींचं खराब होतं. भीती खरी आहे, चिकटलीय मात्र चुकीच्या गोळीला. डॉक्टरांना थेट विचारायचं: क्लोनाझेपाम दिलीय का, दिली असेल तर कधी थांबवणार?

एसिटालोप्रॅमही एकदम सोडायची नसतेच. चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचे बारीक झटके बसल्यासारखं वाटतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या गोळ्यांना हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून त्याला कमी. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची आणि मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवायची. लोक नेमकं बरं वाटायला लागल्यावर परस्पर बंद करतात, झटके आले की म्हणतात, बघा, सुटत नाही.

*

त्रास आधी, गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, झोपेचं खोबरं हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत. मनाला उभारी दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणजे सोडून द्यावीशी वाटण्याची वेळ बरोब्बर आधी येते.

पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांबाबत तसा ठळक इशारा छापायला लावला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. माझं वय त्याच्या दुप्पट. तरी नवऱ्याला सांगून ठेवलंय: मी फार बेचैन झाले, भलतंसलतं बोलले, किंवा अचानक अति उत्साहात आले, तर मला न विचारता डॉक्टरांना फोन कर. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानसचा १४४१६ फ्रिजवर चिकटवलाय. तिथे मराठीतही बोलतात.

*

"मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय," डॉक्टर म्हणाले. पटायला सोपं. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या कल्पनेला भक्कम पुरावा सापडला नाही. पण गोळी लागू पडते का, हा प्रश्न वेगळा. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५२२ चाचण्यांचा आढावा आला: नैराश्यावरची एकवीसच्या एकवीस औषधं नकली गोळीपेक्षा सरस, मात्र सरासरी फरक फार मोठा नाही. "हमखास गुण" म्हणणाऱ्यांपेक्षा हे "थोडं सरस" मला जास्त धीर देतं.

शिवाय गुण आधी आणि कारण नंतर, हा उलटा क्रम जुनाच. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं, तर मरगळलेली माणसं वॉर्डात हसू-बोलू लागली. कारण मागाहून शोधत बसले.

*

या गोळीने कामेच्छा कमी होऊ शकते, हे डॉक्टरांनी काढलं नाही. मीही विचारलं नाही; शेजारी सासूबाई. पुढच्या वेळी एकटी जाणार. गुडघ्यासाठी घेते त्या पेनकिलरचंही विचारायचंय, दोन्ही मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

*

मी मीच राहीन ना? काहींना सगळं सपाट वाटू लागतं, रडू नाही आणि हसूही नाही. तसं झालं तर सांगायचं, मात्रा किंवा औषध बदलता येतं. आणि जपायची ती 'मी' तरी कुठली? दिवाळीत चकल्या तळता तळता विनाकारण रडणारी?

*

सुरुवात सोमवारी. रविवारी सुरू केली आणि मळमळलं, तर दवाखान्यात फोन उचलणार कोण?