लुप्त नदीच्या कांठचा लोहमार्ग

बार्शी लाइट रेल्वेचें नांव ठाऊक नाहीं, असा पंढरीचा जुना वारकरी विरळाच. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें 1897 सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अवघ्या अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग सुरू केला. पुढें तो पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेला. याच गृहस्थानें आपल्या मायदेशींही तसाच एक मार्ग बांधला होता, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. कन्येच्या आग्रहास्तव इंग्लंडांत गेलों असतां तें स्थळ पाहण्याचा योग आला.

स्टॅफर्डशायर परगण्यांतील हल्म एंड हें लहानसें खेडें. येथून वॉटरहाउसेसपर्यंत, मॅनिफोल्ड नदीच्या खोर्‍यांतून सुमारें 13 किलोमीटरांचा हा मार्ग 1904 सालीं सुरू झाला. इंजिनें बार्शीच्या वळणाचीं, डबेही पिवळे, हिंदुस्थानी थाटाचे. दूध वाहून नेणें हा मुख्य धंदा. परंतु स्थानकें नदीकांठीं आणि बहुतेक गांवें वर डोंगरावर! पुढें मोटारी आल्या. 1932 सालीं एक्टन येथील दुधाचा कारखाना बंद पडला. आणि 1934 च्या मार्चांत गाडीही थांबली. अवघें तीस वर्षांचें आयुष्य!

रूळ उखडले गेले, पण जमीन वायां गेली नाहीं. रेल्वे कंपनीनें ती परगण्याच्या कौन्सिलास दिली, व 1937 सालीं तेथें पायवाट खुली झाली. आज आबालवृद्ध त्या वाटेनें निर्भयपणें चालतात. शेजारची नदी कोरड्या उन्हाळ्यांत भूमीखालीं गुप्त होते व इलॅम गांवाजवळ पुन्हां प्रकट होते. तें ऐकून विनशनास लुप्त होणार्‍या सरस्वतीचें स्मरण कोणास होणार नाहीं?

बार्शीच्या मार्गास मात्र यात्रेकरूंचा आधार होता. 1954 सालीं तो सरकारनें विकत घेतला; आतां त्यावरून रुंद रुळांची गाडी धांवते.

आमच्या डहाणूस 1864 पासून रेल्वे आहे. तलासरीच्या पाड्यांस ती अद्याप दूरच. हल्लीं मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा मार्ग या दोन्ही तालुक्यांतून बांधला जात आहे. स्थानकें मात्र बोईसर व वापी येथें. जमीन ज्यांची गेली, त्यांच्या दारावरून गाडी न थांबतां जाणार. मॅनिफोल्डचीं स्थानकें वस्तीपासून एक चढण दूर होतीं. तेवढेंही अंतर त्या गाडीस बाधलें. निदान बोईसरपर्यंत पाड्यापाड्यांतून वेळेवर मोटारगाडी मिळेल, एवढी तजवीज आधींच व्हावी, हें सुज्ञ वाचकांस पटेल.