एक जूनवाले काका

कुवेतच्या सिव्हिल आयडीवर १२ आकडी नंबर असतो. पहिला आकडा शतकाचा: २ असेल तर जन्म १९०० नंतरचा, ३ असेल तर २००० नंतरचा. पुढचे सहा आकडे जन्माचं वर्ष, महिना, दिवस. जलीब अल शुयूखमध्ये राहणाऱ्या आमच्या एका काकांचा नंबर २७००६०१ ने सुरू होतो. म्हणजे १ जून १९७०!

मराठी माणसाला हे सांगायला नकोच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख ही. आपल्याकडे असे एक जूनवाले घरोघरी सापडतात.

आता गंमत बघा. काकांच्या खोलीवर नवीनच आलेल्या २४ वर्षांच्या पोराला परवा दुकानात सिगारेट नाकारली. चेहरा कोवळा. त्याने भारतातलं लायसन्स दाखवलं. दुकानदार म्हणाला, "बताका?" बताका म्हणजे हेच सिव्हिल आयडी. पोराचं अजून यायचंय. दवाखान्यात नोंदलेली खरी तारीख चालली नाही आणि गुरुजींची मात्र कुवेतभर चालते!

पण दुकानदाराला तरी काय बोलणार? परक्या देशाचं लायसन्स खरं की खोटं, हे त्याने कसं ओळखायचं? चुकला तर त्याचीच नोकरी जायची. आणि तोही आपल्यासारखाच, बताक्यावर जगणारा.