बोजा उतरवायचा कोणी?

गृहकर्ज फिटले की बँक ना-देय दाखला देते आणि तिच्यापुरते प्रकरण मिटते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर मात्र तिचे नाव तसेच राहते. ते कमी करून घेण्याच्या कामातून गेल्यावर माझे मत पक्के झाले आहे की ज्याने बोजा चढवला, त्यानेच तो उतरवला पाहिजे. कर्ज देताना बँक एकही नोंद करायची राहू देत नाही. मूळ कागद ठेवून घेतलेल्या गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे जाते, तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत म्हणजे सरसाईत नोंद पडते, सोसायटीकडूनही बोजा नोंदवल्याचे पत्र घेतले जाते. फेड झाल्यावर मात्र महसूल कार्यालयाची दारे कर्जदाराने एकेक करून ठोठावायची: तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, हरकतींची मुदत, शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. घर विकायला काढेपर्यंत अनेकांना हे कळतही नाही, आणि तेव्हा खरेदीदाराचा वकील शोध अहवालात त्या एका ओळीवर बोट ठेवतो.

यावर सांगतात की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० प्रमाणे गहाण सोडवण्याचा खर्च कर्जदाराचाच आहे. खरे आहे. पण तेच कलम कागद परत करण्याचे आणि मागितल्यास हक्क संपल्याची लेखी पोच देण्याचे काम बँकेवर टाकते. खर्च माझा म्हणून हेलपाटेही माझेच, असे त्यातून निघत नाही. रिझर्व्ह बँकेने तर १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशात स्पष्ट म्हटले आहे: पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, कुठल्याही नोंदवहीतला बोजाही काढायचा, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खोटा दाखला जोडून कोणी बोजा उडवला तर? म्हणून तर दाखला कर्जदाराच्या हाती देऊन त्यालाच पुढे पाठवू नये. बँकेने तो थेट महसूल कार्यालयाला कळवावा. त्यासाठी महसूल विभागाच्या ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करण्याचे अर्ज ऑनलाइन करता येतातच.

रिझर्व्ह बँकेचा हा आदेश १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहे. त्याआधी फिटलेल्या कर्जांचे काय? देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. अशा विलीन बँकांच्या नावाचा जुना बोजा निघाला, तर वारसांनी कोणत्या शाखेत जायचे? ज्या बँकेने त्यांचा कारभार घेतला, तिने फिटलेल्या खात्यांची यादी स्वतःहून तहसील आणि नगर भूमापन कार्यालयांना द्यावी.