टाचणी आणि सांधा

गेंडा भुंग्याला टाचणी टोचायची ती उजव्या टणक पंखात, पुढच्या कडेपासून जराशी मागे. खाली ती मधल्या आणि मागच्या पायांमधून बाहेर यायला हवी. डाव्या बाजूला हात लावायचा नाही. पुढे कुणी अभ्यासक तो भुंगा ओळखायला घेईल, तेव्हा एक तरी बाजू शाबूत मिळावी म्हणून सगळीकडे हाच रिवाज.

टाचणी आत शिरताना बोटांना कवच जाणवतं. कीटकाला आत हाडं नाहीत. त्याचे स्नायूसुद्धा या कवचालाच आतून धरलेले. कायटिनचे सूक्ष्म तंतू थरावर थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित फिरवलेला, त्यामुळे चीर सरळ आरपार जात नाही. पण नुसतं कायटिन लवचीक असतं. कडकपणा प्रथिनांचा. कातडं कमावताना त्यातले धागे एकमेकांना बांधले जातात, तशीच ही प्रथिनं बांधली जातात आणि कवच काळपट होत जातं. कोशातून नुकता निघालेला भुंगा म्हणूनच फिकट आणि मऊ असतो. सगळ्यात वर मेणाचा लेप, शरीरातलं पाणी राखणारा. कडधान्याला राख चोळून ठेवणाऱ्या आमच्या आज्यांनी नेमका हाच लेप हेरला होता: राखेने तो बिघडतो आणि किडे सुकून मरतात.

माझा जीव मात्र सांध्यांत अडकलेला. वाळलेल्या भुंग्याचा पाय हलवायला जाल तर तुटेल. ओलसर वाळूच्या बंद डब्यात त्याला रात्रभर ठेवा, सकाळी पाय हळूहळू वळतात. कवचाच्या पट्ट्या होत्या तशाच कडक असतात. पाणी पितो तो दोन पट्ट्यांमधला न कमावलेला पातळ पडदा. मांडी आणि नडगीमधला सांधा बिजागरीचा, एकाच दिशेने मिटणारा. पाय मागेपुढे करायचा तर छातीपाशी, बुंध्यातून.

तक्त्यांवर कडक पट्ट्यांना नावं असतात आणि हे पडदे कोरे सोडलेले असतात, हे मला पटत नाही. टोळाची मादी अंडी घालायला जमिनीत पोट खुपसते तेव्हा याच पडद्यांच्या जोरावर ते दुपटीहून लांब ताणलं जातं. वाळलेल्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून शिकायला येणाऱ्यांना मी टाचणी नंतर देतो. आधी ताज्या मादीच्या पोटाचे वेढे चिमट्याने हलकेच ओढून बघायला सांगतो.