मामांची कोरडी विहीर

काटेपूर्णा अभयारण्यात मी पहिल्यांदा गेलो तो बिबट्या बघायला. तो काही दिसला नाही. भेटले ते तिथले एक वनमजूर. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो.

"ज्वालामुखी पाहाचा का, बापू?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, लोणारचं बोलताहेत. आमच्या वाशीमकडे अजून पुष्कळजण लोणारला ज्वालामुखीचं तोंड समजतात. खरं तर तो उल्कापाताचा खड्डा. पण मामांनी बोट दाखवलं ते माझ्या चपलांखाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत गेला, एवढं मी वाचलं होतं. मामांना वर्षं ठाऊक नव्हती, थर ठाऊक होते.

त्या दिवशी जंगल मी पहिल्यांदा खालून वर वाचलं. टेकाडाच्या उघड्या खडकावर सालई, कागदासारखी साल सुटलेली. उतारावर माती जरा धरली की साग, धावडा. नाल्याकाठी अर्जुन नि जांभूळ. पातळ मुरमावर नुसतं गवत. "झाड पाह्यलं का खालचा दगड समजते," मामा म्हणाले. "सालई हाय तिथं विहीर नाही खोदाची."

हे ते शिकले होते स्वतःच्या वावरात विहीर खोदताना. आधी मुरूम लागला, मग मांजऱ्या. भोकाभोकांचा, पाणी झिरपू देणारा. ओल दिसली तशी आशा वाढली, यारी खाली खाली गेली. पुढे अखंड काळा पाषाण. सुरुंगांवर सुरुंग उडाले, पाणी नाही. सावकाराचं कर्ज मात्र कित्येक वर्षं फिटत राहिलं. तेवढं शहाणपण मला एका कटिंग चहात मिळालं.

पुढे मालेगाव तालुक्यातल्या आमच्या वावरात विहीर काढायची ठरली, तेव्हा वडिलांनी जागा पक्की करून नारळसुद्धा आणला होता. मी हट्टानं मामांना बोलावलं. ते बांधाबांधानं हिंडले, झाडं पाहत, आणि नाल्याकडच्या कोपऱ्यात काठी रोवली. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मांजऱ्यातच पाणी लागलं. निरोप धाडला, मामा एसटीनं आले. पहिली बादली वर आली, ते ओंजळभर प्यायले. मी पाकीट पुढे केलं, त्यांनी हात मागे घेतला. मग पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं.

"घरी बुढीले दाखवतो," म्हणाले, आणि पाचच्या गाडीसाठी फाट्याकडे निघाले.